मदत हवी आहे: मागच्या वेळी सेडेशनमध्ये (गुंगीच्या औषधाखाली) आईचा ऑक्सिजन खाली गेला होता, आता कोलोनोस्कोपी आहे
नमस्कार मंडळी, आम्ही परळला राहतो, आई ६८ वर्षांची, बीपीची गोळी चालू आहे आणि रात्री एवढी घोरते की बाजूच्या खोलीत झोप लागत नाही. मागच्या वर्षी एंडोस्कोपीला तिला मिडाझोलम आणि फेंटानिल ही गुंगीची औषधं दिली, मी दारातूनच बघत होतो, बोटाला लावलेल्या क्लिपचा तो टिंग टिंग आवाज हळूहळू खाली उतरत गेला, ऑक्सिजनचा आकडा ९७ वरून ८४ वर आला आणि सिस्टरने पटकन हनुवटी वर उचलून धरली तेव्हा कुठे तो चढला. घरी आल्यावर आईने एकच प्रश्न चार वेळा विचारला, ते मिडाझोलममुळे होतं हे नंतर कळलं, पण तो आवाज काही डोक्यातून जात नाही.

आता पुढच्या गुरुवारी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) आहे. नाकाला ऑक्सिजन लावलेला असला की श्वास थांबला तरी बोटावरचा आकडा उशिरा पडतो म्हणे, मग कॅप्नोग्राफी (बाहेर सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं मॉनिटर) लावा असं आधीच सांगायचं का? वेगळा भूलतज्ज्ञ मागितला तर चालतं ना? घोरण्यासाठी आधी स्लीप स्टडी (झोपेत श्वास अडतो का ते बघणारी तपासणी) करावी का? कोणी भूलतज्ज्ञ असेल किंवा कोणाच्या घरी असं झालं असेल तर प्लीज सांगा, सोमवारी जुनी फाइल घेऊन ओपीडीत जाणार आहे.