नववीतल्या मुलीच्या गोष्टीत उसाच्या फडातून झोंबी येतात. हस्तलिखितात घेऊ का?

प्रश्न – मराठीच्या_बाई

नमस्कार. मी कोल्हापुरात एका शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवते. दरवर्षी आम्ही मुलांचं हस्तलिखित काढतो. ‘पावसाळ्यातला एक दिवस’, ‘पन्हाळ्याची सहल’ असे लेख येतात आणि त्यातले निम्मे तरी घरच्यांनी सांगून लिहिलेले असतात, ते ओळखू येतं. यंदा एका मुलीनं बावीस पानांची गोष्ट आणून दिली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तिची स्वतःची.

शिये-बावड्याकडच्या फडातून रात्री माणसं बाहेर येतात. चालतात, पण जिवंत नाहीत. ज्याला चावतील तोही तसाच होतो. चार मुलं गुऱ्हाळात लपतात, सगळ्यांत मोठी पंधरा वर्षांची. मग ट्रॅक्टर घेऊन पन्हाळा गाठतात. मी विचारलं, पन्हाळाच का? म्हणाली, “बाई, तिथं अंधारबाव आहे. दारं लावून घेतली तरी पाणी आतच. आणि धान्य ठेवायला अंबारखाना.” चाचणीत याच मुलीनं अंबारखान्यावर दोन ओळी धड लिहिल्या नव्हत्या.

गोष्टीत एक प्रसंग आहे, तो वाचून मी वही मिटून बसले. त्या मोठ्या मुलीच्या आजीला चावलेलं असतं. आजी बाहेरून दार वाजवते आणि म्हणते, “उघडू नको, फक्त बोल माझ्याशी.” ही पोरगी प्रयाग चिखलीची. २०१९ च्या पुरात तिची आजी म्हशीला सोडून बोटीत बसायला तयार नव्हती. ही तेव्हा आठ वर्षांची. तिनं हे मला गोष्ट दिल्यावर सांगितलं, अगदी सहज.

आमच्या मुख्याध्यापिका म्हणतात, “मढ्यांची गोष्ट नको, पालक काय म्हणतील?” त्यांची काळजी मला कळते. पण मागच्या बाकांवर असली इंग्रजी पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून फिरतात, आणि ज्यांनी वर्षभरात एक धडा मनापासून वाचला नाही ती मुलं चारशे पानं संपवतात. या गोष्टींत पोरांना नेमकं काय सापडतं? आणि या गोष्टीसाठी मी आग्रह धरावा का? ज्यांनी वाचलंय त्यांनी सांगा.

उत्तर – शिवाजीपेठेतला

बाई, मी आता कॉलेजला आहे. नववीत असताना लॉकडाऊनमध्ये मी असली सात-आठ पुस्तकं मोबाईलवर वाचली. आमच्या गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले होते. काका ॲडमिट झाले तेव्हा घरात सगळे दाराआड बोलायचे आणि मी आत गेलो की गप्प व्हायचे. मला एवढंच, “तू अभ्यास कर.”

पुस्तकातल्या पोराला मात्र सगळं माहीत असायचं. पाण्याच्या किती बाटल्या उरल्यात, काड्यापेट्या किती, रात्री जागायचं कुणी. तो चुकला तर माणूस मरायचा, पण ठरवायचं त्यानंच. खरं सांगतो, मारामारीची पानं मी भराभर उलटायचो. ती मोजदाद मात्र परत परत वाचायचो. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता वाटतं, त्या सहा महिन्यांत माझ्याकडं दुसरं कुणी काही सोपवलंच नव्हतं.

ती गोष्ट छापा बाई. लई मनापासून सांगतोय.

उत्तर – दोन_मुलांची_आई

माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहिते. माझा धाकटा सहावीत होता. थोरल्याची अशी एक गोष्ट त्यानं चोरून वाचली आणि पंधरा दिवस दिवा बंद करू दिला नाही. हस्तलिखित पाचवीची मुलंही हातात घेतात. चौदाव्या वर्षी जे पचतं ते अकराव्या वर्षी पचत नाही. गोष्ट चांगली असेलही, पण रक्त किती आहे ते बघा.

उत्तर – जुना_ग्रंथपाल

बाई, मी तीस वर्षं वाचनालयाच्या टेबलामागं काढली. या मुलीनं मढी उसातून आणली हे वाचून मी उठून उभा राहिलो. कारण झोंबी मुळात उसाच्या मळ्यातलाच आहे, आणि तिला हे कुणी सांगितलेलं नसणार.

कॅरिबियन समुद्रात हैती हा देश आहे. तिथं फ्रेंचांची वसाहत होती. साखरेसाठी आफ्रिकेतून गुलाम आणून त्यांना मरेस्तोवर राबवत. १७९१ मध्ये गुलाम उठले आणि १८०४ मध्ये देश स्वतंत्र झाला. त्या लोकांच्या समजुतीतला झोंबी कुणाला चावत नाही की कुणाच्या मागं लागत नाही. तो थडग्यातून उठवलेला, मालकासाठी मुकाट राबणारा माणूस. भीती झोंबीची नव्हती, आपण झोंबी होण्याची होती. मेलो तरी सुटका नाही, ही. विल्यम सीब्रुक या अमेरिकन प्रवाशानं १९२९ साली हैतीवर पुस्तक लिहिलं आणि हा शब्द अमेरिकेत घरोघरी गेला. त्याच्या पुस्तकातही ही मेलेली माणसं उसातच राबतात.

त्यातली एक समजूत आपल्या लोकांनी ऐकावी अशी आहे. झोंबीला मीठ द्यायचं नसतं. मीठ चाखलं की आपण मेलोय हे त्याला उमगतं आणि तो काम टाकून आपल्या गावच्या थडग्याकडं चालू लागतो. सीब्रुकनं सांगितलेल्या गोष्टीत एक बाई दया येऊन त्यांना गुळासारख्या कच्च्या साखरेतले शेंगदाणे खाऊ घालते. म्हणजे आपली चिक्कीच. शेंगदाणे खारवलेले असतात, ते तिला माहीत नसतं. आपण खाल्ल्या मिठाला जागतो ते मालकाशी इमान राखायला. तिथं मीठ खाल्लं की मालकाच्या तावडीतून जाग येते.

माणसं खाणारी, झुंडीनं येणारी मढी पुढची. ती १९६८ च्या जॉर्ज रोमेरोच्या चित्रपटातून आली, आणि गंमत म्हणजे त्या चित्रपटात झोंबी हा शब्द कुणी उच्चारतसुद्धा नाही.

आता पोरांना काय सापडतं, याबद्दल. आपली भुतं आठवा. मुंजा पिंपळावर असतो, हडळीची पावलं उलटी, वेताळ तर राजाला कोडी घालतो. त्यांना नाव आहे, जागा आहे आणि काहीतरी हवं आहे. नारळ दिला, भात उतरून टाकला की वाट मोकळी होते. झोंबीला काही देता येत नाही. त्याच्याशी बोलता येत नाही. मग गोष्टीत उरतं काय? दाराच्या आतली माणसं. कोण पाणी लपवतो, कोण वाटून घेतो, कोण दार उघडतो. चौदा-पंधराव्या वर्षी मूल आपल्या माणसांकडं नेमकं याच नजरेनं बघत असतं. काल प्रेमानं वागलेला माणूस आज असा का, हे त्याला कळत नसतं. या गोष्टीत ते उघड्यावर मांडलेलं असतं: चेहरा तोच, आत माणूस नाही.

आणि आपल्याकडच्या पोरांना वेढा काही नवा नाही. १६६० साली सिद्दी जौहर पन्हाळ्याला चार महिने बसला होता, ती गोष्ट ती मांडीवर बसून ऐकतात. पाणी, दाणागोटा, दरवाजे, रात्रीच्या पावसात निसटणं. तुमच्या मुलीनं तीच वाट धरलीय, फक्त तिची पोरं गडाबाहेर पडत नाहीत, गडात शिरतात. माझी आजी प्लेगाच्या गोष्टी सांगायची. घरात उंदीर पडला की कुलूप लावून माळावर झोपडीत राहायला जायचं, आणि काखेत गाठ आलेल्या माणसाजवळ कुणी थांबायचं यावर घरं मोडायची. आम्ही ती गोष्ट पुन्हा पुन्हा मागायचो. आम्हाला कुणी “मढ्यांची गोष्ट नको” म्हटलं नाही.

पुराचं तर तुम्हीच लिहिलंय. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, तेव्हा पाणी ५५ च्या वर गेलं. महामार्ग बंद, चोहीकडं पाणी आणि नळ कोरडे. आठ वर्षांच्या पोरीनं ते बघितलं आणि सहा वर्षांनी तिला ते सांगायला एक सांगाडा मिळाला. पुरावरचा निबंध लिहायला दिला असता तर तिनं एनडीआरएफच्या जवानांचे आभार मानून संपवला असता. दाराबाहेरची आजी त्यात आली नसती.

आग्रह धरा.

मराठीच्या_बाई

सगळ्यांचे आभार. मुख्याध्यापिकांनी आधी फक्त विषय ऐकला होता. शुक्रवारी मी त्यांना वहीच दिली. सोमवारी त्यांनी ती परत केली तेव्हा आजीच्या पानावर खूण होती. म्हणाल्या, आठवी ते दहावीच्या अंकात घ्या, पाचवी-सहावीचा अंक वेगळा काढू. आईंनी लिहिलं होतं तो मुद्दा त्यांनाही पटला. नवव्या पानावर फार रक्त होतं. मी मुलीला एवढंच विचारलं, की हे काढलं तर गोष्टीचं काही बिघडतं का? तिनं वाचून पाहिलं आणि स्वतःच सहा ओळी खोडल्या.

मिठाची गोष्ट मी तिला मधल्या सुट्टीत सांगितली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “बाई, आमची आजी भाकरीबरोबर नुसतं मीठ-मिरची खाते.” आणि वही परत मागून घेऊन गेली. अजून दिलेली नाही.

चित्रं काढायला वर्गातला एक मुलगा तयार झालाय. अंधारबावीचा आतला जिना नीट दिसेल असा फोटो कुणाकडं असेल तर इथं टाका.