नवरा रिटायर, बायकोला इंग्लंडमध्ये नोकरी: डिपेंडंट व्हिसा की व्हिजिटर?

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. मी आयसीयूत सिस्टर आहे, वय ५२. इंग्लंडमधल्या एका सरकारी हॉस्पिटलची ऑफर हातात आहे. सीओएस, म्हणजे व्हिशासाठी हॉस्पिटल देतं ते स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट, पुढच्या महिन्यात येईल. व्हिसा हेल्थ अँड केअर वर्करचा, तीन वर्षांसाठी. माझ्या कागदांचं माझं मी बघतेय, प्रश्न आमच्या ह्यांचा आहे.

हे पाटबंधारे खात्यातून ५८ ला रिटायर झाले, आता ६१ चालू आहे. राज्य सरकारची पेन्शन आहे. साखर आणि बीपी आहे, दोन्ही आटोक्यात. ह्यांचं म्हणणं असं की "मला तिथे नोकरी करायची नाही, मग मी आपला व्हिजिटरवर येत-जात राहीन." शिवाय थोडी शेती आहे, जून ते सप्टेंबर हे गावाकडून हलणार नाहीत म्हणजे नाहीत. एजंट म्हणतो, आता स्वस्तात व्हिजिटरवर न्या, तिथे पोचल्यावर डिपेंडंटमध्ये, म्हणजे माझ्या व्हिशावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिशात, बदलून देतो. दीर म्हणतात, रिटायर माणसासाठी वेगळा रिटायरमेंट व्हिसा असतो, तो काढा. तिघांची तीन तोंडं.

आणखी एक घोळ. लग्न १९९७ चं, नोंदणी केलेली नाही. पत्रिका आणि अल्बम आहे. ह्यांच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जोडीदाराच्या नावाचा रकाना कोरा, माझ्या पासपोर्टवर मात्र ह्यांचं नाव आहे. काय करावं?

पोर्तोकर:
रिटायरमेंट व्हिसा असतो, पण देश बघून. आमच्या पोर्तुगालचा डी-७ पेन्शनवर मिळतो, स्पेनलाही नोकरी न करणाऱ्यांसाठी तसाच एक आहे, थायलंडला पन्नाशीनंतर मिळतो. ब्रिटनमध्येही पूर्वी स्वतःच्या उत्पन्नावर राहणाऱ्या निवृत्तांसाठी सोय होती, ती २००८ मध्ये बंद केली. तेव्हा दिरांना म्हणावं, गाडी सुटली.

बसवाले_आजोबा:
ताई, मी स्वतः असाच आलेला नवरा. सौ. तुमच्याच पेशात, मी एसटीतून रिटायर, तेव्हा हे सगळं अंगावरून गेलेलं आहे.

आधी तो एजंट सोडा. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला ब्रिटनच्या आत राहून डिपेंडंट होता येत नाही. परत मायदेशी जाऊन तिथूनच अर्ज करावा लागतो. म्हणजे त्याचं "स्वस्तात" म्हणजे दोनदा फी आणि दोनदा विमान.

आता तुमच्या ह्यांच्या म्हणण्याकडे. व्हिजिटर व्हिसा दहा वर्षांचा मिळाला तरी एका खेपेला राहायचं जास्तीत जास्त सहा महिने. आणि दर वेळी सहा महिने राहून, महिनाभर घरी जाऊन पुन्हा आलात की विमानतळावरचा अधिकारी विचारतो, तुम्ही भेटीला येताय की इथेच राहताय? बायकोची नोकरी इथे, घर इथे, म्हटल्यावर काय उत्तर देणार? व्हिजिट म्हणून येऊन प्रत्यक्षात इथेच राहायचं, हे नियमातच बसत नाही.

दुसरं म्हणजे दवाखाना. व्हिजिटरला जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, दाखवणं आणि इमर्जन्सीतले उपचार फुकट, पण वॉर्डात भरती झाली की एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दराच्या दीडपट बिल. ६१ वय, त्यात साखर. प्रवास विम्यात आधीच्या आजारांचं कलम बारीक टायपात असतं, ते एकदा भिंग लावून वाचा. डिपेंडंटला हा त्रासच नाही. साध्या स्किल्ड वर्करच्या नवऱ्याला आरोग्य अधिभार माणशी वर्षाला १,०३५ पौंड भरावा लागतो, तीन वर्षांचे ३,१०५. तुमचा व्हिसा हेल्थ अँड केअरचा असल्यामुळे तुम्हालाही माफ आणि त्यांनाही माफ. ही सवलत पदरात असताना व्हिजिटरचा हट्ट का धरायचा ते मला तरी कळत नाही.

आणि "नोकरी करायची नाही" हा मुद्दाच नाही. डिपेंडंटला नोकरीची मुभा आहे, सक्ती नाही. मी सुरुवातीला कामाच्या नावाने हात जोडले होते, आता चॅरिटीच्या दुकानात पुस्तकं लावतो. कोणी विचारत नाही.

कृष्णाकाठची:
आजोबा, खूप आभार. पण ते जून ते सप्टेंबरचं? डिपेंडंट घेऊन चार महिने गावी राहिले तर व्हिसा जाईल ना?

बसवाले_आजोबा:
नाही जात. चार महिने बाहेर राहिल्याने डिपेंडंट व्हिसा रद्द होत नाही. पण इथे कायम राहायचा परवाना, ज्याला आयएलआर म्हणतात, तो हवा असेल तर कुठल्याही सलग १२ महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहून चालत नाही. हा नियम नवऱ्यालाही लागतो. जून ते सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस. वर लग्नकार्याला, दिवाळीला धरून ५८ उरतात. शेती बसते त्यात. फक्त मोजणी जानेवारी ते डिसेंबर अशी नसते, कुठूनही १२ महिने धरतात. म्हणून जाण्या-येण्याच्या तारखा वहीत लिहायला लावा. तिकिटं आणि बोर्डिंग पास टाकून द्यायचे नाहीत.

पण खरं सांगू? परवान्यासाठी आजवर पाच वर्षं लागायची, ती दहा करण्याचा प्रस्ताव सरकारने मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत मांडला. तुमचा व्हिसा तीन वर्षांचा, ह्यांचं मन बांधावर. तुम्हाला तो परवाना हवाच आहे का, हे आधी दोघांनी बसून ठरवा. नको असेल तर १८० दिवसांचा जाच तुम्हाला नाहीच.

एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा. त्यांचा व्हिसा तुमच्या व्हिशाला बांधलेला. दोन्हींची मुदत एकाच दिवशी संपते. नोकरी सुटली तर तुमची मुदत साधारण ६० दिवसांवर आणतात, त्यांचीही त्याबरोबर.

नोंदणीवाल्या_बाई:
लग्नाच्या कागदाबद्दल मी सांगते, नोकरीच त्या टेबलावर गेली. घाबरू नका, १९९७ चं लग्न आजही नोंदवता येतं. महाराष्ट्रात १९९८ चा विवाह नोंदणी कायदा आहे. शहरात असाल तर महापालिकेचं किंवा नगरपालिकेचं कार्यालय, गावी ग्रामपंचायत. दोघांनी जातीने जायचं. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो (हार घातलेला, चेहरे स्पष्ट दिसणारा), दोघांच्या वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह. अर्जावर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. जुन्या लग्नात नेमकं इथेच अडतं. गुरुजी हयात नसतील तर आधीच जाऊन विचारा, बहुतेक ठिकाणी प्रतिज्ञापत्रावर भागतं. उशिराचा दंड किरकोळ असतो.

तुमचं नाव प्रमाणपत्रावर पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर आलं पाहिजे. मी कित्येक जोड्या पुन्हा रांगेत उभ्या राहिलेल्या पाहिल्यात, कारण पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आणि प्रमाणपत्रावर नवऱ्याचं. सही करायच्या आधी क्लार्कला मसुदा दाखवायला सांगा आणि इंग्रजी स्पेलिंग बोट ठेवून वाचा. प्रमाणपत्र फक्त मराठीत मिळालं तर प्रमाणित भाषांतर जोडावं लागेल.

पासपोर्टचा कोरा रकाना ब्रिटनच्या अर्जाला आडवा येत नाही, विवाह प्रमाणपत्र असलं की झालं. वेळ असेल तर नाव घालून घ्या, नसेल तर त्याच्या मागे लागू नका.

कृष्णाकाठची:
बाई, गुरुजी आहेत अजून, ह्यांच्या गावातलेच. हे म्हणतात, आधी तू जा, मी सुगी आटोपून ऑक्टोबरमध्ये येतो. असं नंतर येता येतं का? आणि पेन्शनचं, बँकेचं काही करावं लागतं?

बसवाले_आजोबा:
नंतर येता येतं, आम्हीही तसंच केलं. मग ह्यांच्या व्हिशासाठी लागणारी टीबीची तपासणी आत्ता करून ठेवू नका. ते सर्टिफिकेट सहाच महिने चालतं आणि ब्रिटनने मान्य केलेल्या क्लिनिकचंच लागतं. पूर्वी कधी टीबी झाला असेल तर जुने एक्स-रे शोधून ठेवा. बाकी साखर-बीपीची तपासणी व्हिशासाठी कोणी मागत नाही. खर्चाची हमी तुमच्या हॉस्पिटलने सीओएसवर दिली आहे का ते एचआरला विचारा. नसेल तर ह्यांच्यासाठी २८५ पौंडांइतकी रक्कम सलग २८ दिवस खात्यात दिसली पाहिजे. मधे एक दिवसही खाली जाऊ द्यायची नाही.

पेन्शन बंद होत नाही. बँकेला कळवून खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यायचं, पेन्शन त्यात जमा होते. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये फोनवरच्या जीवन प्रमाण ॲपने चेहरा दाखवून देता येतो. सरकारी पेन्शनवर दोन्ही देशांतल्या करारानुसार कर भारतातच, ब्रिटिश नागरिकत्व घेतलं तर मात्र गणित उलटतं. आणि शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट म्हणजे एनआरआय झाल्यावर असलेली जमीन ठेवता येते, वारसाने आलेलीही चालते, पण नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. बांधाशेजारचा तुकडा घ्यायचं मनात असेल तर ते आधी उरका.

औषधांचं एक. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन ही साखरेची दोन औषधं एकाच गोळीत घेत असतील तर तशी गोळी इथे मिळत नाही, दोन वेगळ्या देतात. म्हणून चिठ्ठीवर ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम डॉक्टरांकडून लिहून आणा. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, इथे टक्क्यांत सांगत नाहीत. आपले ७ टक्के म्हणजे इथले ५३. पहिल्यांदा रिपोर्ट बघितला की माणूस खुर्चीतच बसतो. आणि साठी ओलांडलेल्यांना इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरची औषधं फुकट, हे ह्यांना आवर्जून सांगा. पाटबंधारेवाल्याला फुकट शब्द लवकर पटतो, आम्हा एसटीवाल्यांसारखाच.

कृष्णाकाठची:
ह्यांना वाचून दाखवलं. जमिनीच्या मुद्द्यावर आले तेव्हा चष्मा लावून ह्यांनी स्वतः वाचायला घेतलं! शेजारचा वीस गुंठ्यांचा तुकडा खरंच बघतायत. नोंदणीला सोमवारी जातोय, डिपेंडंटचा अर्ज ऑगस्टअखेर करू.

बसवाले_आजोबा:
ऑगस्टअखेर ठीक. बायोमेट्रिकची तारीख मिळाली की त्या दिवशी मळणी ठेवू नका म्हणावं.