पेनड्राइव्हवर अल्बम सलग वाजत नाही, गाण्यांमध्ये गॅप पडतो, मदत हवी आहे

मंडळी, रोज निपाणी ते बेळगाव गाडीनं जाणं-येणं असतंय, वाटेत अख्खा अल्बम ऐकायची सवय. अडचण १९६९ च्या 'ॲबी रोड'ची. त्याच्या दुसऱ्या बाजूची मेडली (एकाला एक जोडलेली छोटी गाणी) माझ्या मते बीटल्सचं सगळ्यात भारी काम, त्यांचाच 'सार्जंट पेपर' अल्बम उगाच डोक्यावर घेतलाय लोकांनी (भांडण नंतर करू). पण ही गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत आणि गाडीच्या स्टिरिओवर प्रत्येक गाण्यानंतर अर्धा सेकंद शांतता, सगळा मूडच जातोय बघा. पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'चंही तेच.

सीडी माझ्याच, त्यावर गॅप नाही. एमपीथ्रीत सुरुवातीला-शेवटी थोडी शांतता आपोआप भरली जाते म्हणून फ्लॅकमध्ये (दर्जा कमी न करणारा फाइलचा प्रकार) परत रिप केल्या, म्हणजे सीडीवरून फाइली काढल्या, तरी तेच. क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणं) स्टिरिओत नाहीच. अख्ख्या अल्बमची एकच फाइल केली तर सलग वाजतंय, पण गाणं पुढं ढकलता येत नाही. फोन ब्लूटूथनं नको, वाटेत कॉल येत राहतात.

तर आठ हजारांच्या आत, यूएसबीवरून फ्लॅक गॅपलेस वाजवणारा स्टिरिओ कुणी स्वतः वापरालाय का, आणि मॉडेल कुठलं?