मदत हवी आहे: अ‍ॅम्ब्युलन्सवर वापरलेली सुई टोचली, आता काय करू?

घाटवाला_नाशिकरोड, रात्री 9:40

मंडळी नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी खासगी अ‍ॅम्ब्युलन्सवर ड्रायव्हर आहे, सहा वर्षं झाली. काल रात्री सिन्नरहून अ‍ॅक्सिडेंटचा पेशंट नाशिकला आणत होतो, बाईकवाला, पाय पार गेलेला, सोबत एक ब्रदर (पुरुष नर्स) दिलेला. मोहदरी घाटात पेशंट इतका तडफडायला लागला की हाताची सलाईन निघून आली, ब्रदरने चालत्या गाडीत दुसरी लावली, त्याच्या हाताला खरंच सलाम. पण कॅन्युलाची (सलाईनच्या नळीची) आतली सुई त्याने घाईत तिथेच स्ट्रेचरवर टाकली. पेशंट हॉस्पिटलात उतरवला, बारा-साडेबारा झाले असतील, मी पोर्चमधे गाडी लावून चादर गोळा करायला गेलो आणि ती सुई अंगठ्याखाली गच्चकन घुसली. ग्लोव्हज होते हातात, पण मालक कायम स्मॉल साइजचा बॉक्स आणतो, स्वस्त पडतो म्हणे, माझा पंजा त्यात मावतच नाही, अंगठ्यापाशी आधीच टर्रकन फाटलेला होता.

रक्त आलं, मी दाबदाबून अजून काढलं, वरून सॅव्हलॉन ओतलं. सकाळी घराजवळ कंपाउंडरकडून टीटी मारून घेतलं. मालकाला फोन केला तर म्हणतो अरे काही होत नाही, आम्हाला पन्नास वेळा टोचल्या. मलाही तेच बरं वाटलं ऐकायला, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळपासून डोक्यातून जात नाहीये. घरी बायको आहे, पोरगी तीन वर्षांची. आज जेवायला बसताना तिला मांडीवर घेतलं नाही, ती रडली. बायकोला अजून काही बोललो नाही.

विचारायचं असं की टीटी घेतलं म्हणजे झालं का? एड्सची टेस्ट लगेच कळते का? आणि दुसरं, गेल्या महिन्यात सुरगाण्याकडून टीबीचा पेशंट आणला, काचा बंद, एसी चालू, तोंडाला साधा निळा मास्क, त्याचं पण आता टेन्शन आलंय.

परिचारिका_सिडको, रात्री 9:52

दादा, बाकीचं नंतर वाचा. आधी उठा आणि त्र्यंबक रोडला सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत जा, आत्ता, सकाळी नाही. "वापरलेली सुई टोचली, पीईपी हवंय" एवढंच सांगा. एचआयव्ही होऊ नये म्हणून गोळ्या असतात, जितक्या लवकर सुरू तितकं चांगलं, दोन तासांत मिळाल्या तर उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही. तुमचे 21 तास गेलेत. टीटी फक्त धनुर्वाताचं, त्याचा एचआयव्ही किंवा काविळीशी काही संबंध नाही. जाताना हॉस्पिटलला फोन करून पेशंटचं रक्त तपासायला सांगा, त्याची संमती लागेल, तो शुद्धीत नसेल तर घरच्यांची.

आणि एक, हिपॅटायटिस बी (बी कावीळ) ची लस घेतलीय का कधी? तीन डोसवाली?

घाटवाला_नाशिकरोड, रात्री 9:58

नाही ताई. करोनाची घेतली तेवढीच. निघतोय.

जुना_खेळाडू, रात्री 10:20

उगाच घाबरवू नका हो त्याला. मी 1998 पासून गाडीवर आहे, तेव्हा ना ग्लोव्हज ना मास्क, हाताने रक्त पुसलंय आम्ही. काही झालं नाही.

परिचारिका_सिडको, रात्री 10:31

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुम्हाला काही झालं नाही हे तुम्ही टेस्ट करून सांगताय की न करता? काविळीचा बी व्हायरस वर्षानुवर्षं अंगात गप्प बसतो, लिव्हर खराब झाल्यावर कळतं. खरं तर सगळे एचआयव्हीला घाबरतात आणि खरी भीती याची आहे. एचआयव्ही असलेल्याची सुई 1000 जणांना टोचली तर साधारण 3 जणांना लागण होते. हिपॅटायटिस बी मधे लस न घेतलेल्या 100 जणांत 6 पासून 30 पर्यंत. वाळलेल्या रक्तात तो बाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो, म्हणजे कालची चादर आज धुणारा पण आलाच त्यात. आणि याचीच लस आहे, चांगली, स्वस्त. सुई टोचली तर दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात बोट घालायचं नाही, सॅव्हलॉन डेटॉल काही ओतायचं नाही, फक्त वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि पळायचं.

जुना_खेळाडू, रात्री 10:44

टेस्ट नाही केली कधी. करतो.

घाटवाला_नाशिकरोड, रात्री 2:10

आत्ता घरी आलो. डॉक्टर तरुण होत्या, रागावल्या नाहीत. सुई आतून पोकळ होती का, किती खोल गेली, रक्त दिसत होतं का असं सगळं विचारलं. पोकळ सुईत रक्त अडकून राहतं म्हणून धोका जास्त असं म्हणाल्या. माझं रक्त घेतलं, ते आज टोचल्यामुळे काय झालं ते बघायला नाही तर आधीपासून काही आहे का ते बघायला, पुढे सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी परत. गोळी रोज एक, 28 दिवस, पहिली तिथेच गिळायला लावली. हिपॅटायटिसचा पहिला डोस पण दिला. तोपर्यंत निरोध वापरा, रक्तदान करू नका, हे ऐकताना मीच खाली बघत होतो.

बायकोला सांगितलं सगळं. ती आधी रडली मग म्हणाली ग्लोव्हज मी आणून देते, एल साइजचे.

घोटी_टोलनाका, सकाळी 8:15

भाऊ बरं केलंस गेलास ते. मी पण गाडीवरच, इगतपुरी-घोटी पट्टा, कसारा घाटातले अ‍ॅक्सिडेंट आमच्याच नशिबी. ज्याने सुई वापरली त्यानेच लगेच डब्यात टाकायची, हा एकच नियम पक्का धर, टोपण परत लावायला जायचं नाही, बरेच लोक तिथेच टोचून घेतात. बायोमेडिकल वेस्टच्या 2016 च्या नियमात सुईला पांढरा, न टोचणारा डबा सांगितलाय. आमच्या गाडीत दोन वर्षं बिस्लेरीची बाटली कापून ठेवलेली होती, एका वळणावर आडवी झाली आणि सगळ्या सुया सीटखाली. दोन दिवस कोणी मागे बसायला तयार नव्हतं. शेवटी आम्हीच वर्गणी काढून डबा घेतला, स्ट्रेचरच्या डोक्याकडे हाताच्या अंतरावर पट्ट्याने बांधलाय. कपाटात ठेवलास तर कोणी उघडत नाही, मी सांगतो.

टीबीचं म्हणशील तर निळा मास्क तुझ्यासाठी नाहीच, तो पेशंटच्या तोंडाला लावायचा, म्हणजे त्याचा खोकला तिथेच अडकतो. आपल्याला एन 95. आणि काचा उघड्या ठेव बाबा, टीबी हवेतून पसरतो, बंद एसीत तीच हवा फिरत राहते. सुरगाण्याहून दोन-अडीच तासांचा रस्ता म्हणजे फार झाला. एसी लावायचाच असेल तर बाहेरची हवा घेणारं बटण दाब, मागचा एक्झॉस्ट फॅन चालू ठेव, ड्रायव्हरच्या मागची खिडकी बंद ठेव.

घाटवाला_नाशिकरोड, सकाळी 8:40

एन 95 आहे एक. आरशाला लटकवलाय, लिंबू-मिरचीच्या शेजारी. तीन आठवडे झाले असतील.

घोटी_टोलनाका, सकाळी 8:47

हसू नको तर काय करू 😄 सगळ्यांच्या गाडीत तिथेच लटकतो. कागदी पिशवीत ठेवत जा, प्लॅस्टिकमधे ओलावा धरतो. ओला झाला, पट्टा ढिला पडला, रक्त उडालं की फेकून दे. दाढी ठेवलीस का? मग घालून न घालून सारखंच, कडेने हवा आत येते. मास्क घालून दोन्ही हात मास्कवर धरून जोरात फुंकर मार, डोळ्यांकडे हवा लागली तर नीट बसला नाही.

परिचारिका_सिडको, दुपारी 1:05

एका टीबी पेशंटमुळे लगेच काही होतंच असं नाही, पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं असं काही झालं तर बेडका तपासा, सरकारी दवाखान्यात फुकट होतो. आणि ग्लोव्हज-मास्क वगैरे अंगावरून काढताना क्रम लक्षात ठेवा, कारण घालताना कोणी चुकत नाही, काढताना चुकतात. आधी ग्लोव्हज, मग चष्मा, गाऊन असेल तर गाऊन, मास्क सगळ्यात शेवटी, आणि मग हात धुवायचे. रक्ताचे ग्लोव्हज घालून स्टिअरिंग, मोबाईल, दाराची कडी धरायची नाही. हे मी रोज बघते, ग्लोव्हज घातलेल्याच हाताने तंबाखू मळणारे पण पाहिलेत.

स्ट्रेचरवर रक्त सांडलं तर आधी जुनं कापड टाकून शोषून घ्या, मग हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण). बाजारात 4-5 टक्क्याचं मिळतं, एक भाग त्याला चार भाग पाणी, रोज ताजं करायचं, 10 मिनिटं तरी राहू द्यायचं आणि मग साध्या पाण्याने पुसायचं, नाहीतर लोखंड खातं. संडास धुवायच्या अ‍ॅसिडमधे कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

कायद्याचं_बोला, दुपारी 3:30

2017 च्या एचआयव्ही कायद्यात स्पष्ट आहे की जिथे कामामुळे लागण होण्याचा धोका आहे तिथे मालकाने साधनं, ट्रेनिंग आणि अशा प्रसंगी पीईपी द्यायचं. पगार 21000 पर्यंत असेल तर ईएसआय (कामगार विमा) पण लागू होऊ शकतो. पगारातून 0.75 टक्के कापले जातात का बघा.

घाटवाला_नाशिकरोड, दुपारी 3:41

पगार रोख मिळतो साहेब, स्लिपच नाही. पण वाचून ठेवलं.

घाटवाला_नाशिकरोड, तिसऱ्या दिवशी रात्री 8:20

पेशंटचा रिपोर्ट आला. एचआयव्ही निगेटिव्ह, पण हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. ताई तुम्ही म्हणालात तेच झालं, मी ज्याला घाबरत होतो ते नव्हतंच आणि ज्याचं नावही घेतलं नव्हतं ते निघालं. डॉक्टरांनी इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटिबॉडीचं) इंजेक्शन दिलं, सात दिवसांच्या आत द्यावं लागतं, लवकर मिळालं म्हणाल्या. एचआयव्हीच्या गोळ्या त्यांनीच विचार करून बंद केल्या. बायकोला पण लस सुरू केली, पोरीची बाळपणीच झालेली आहे, कार्डावर पेंटा (त्यातच बी ची लस असते) लिहिलेलं दाखवलं. एका ताटात जेवलं, मांडीवर घेतलं तर होत नाही हे दोनदा विचारून घेतलं. आज घेतलं तिला.

आणि तो ब्रदर, त्याला फोन केला. चिडायचं ठरवून केला होता. तर तो म्हणाला दादा मला पण लस नाहीये. आता बुधवारी त्याला घेऊन जातोय.

परिचारिका_सिडको, रात्री 8:34

छान. तिसरा डोस विसरू नका, तोच सगळे विसरतात. पहिला, मग एक महिन्याने, मग सहा महिन्यांनी. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासा, 10 च्या वर आल्या की झालं. इम्युनोग्लोब्युलिन घेतलंय म्हणून मधेच तपासू नका, आकडा फसवा येतो.

घाटवाला_नाशिकरोड, रात्री 8:50

मोबाईलमधे तारखा टाकल्या. मालकाने एल साइजचा एक बॉक्स आणलाय, बोलला काही नाही, सीटवर ठेवून गेला. डबा मीच घेतला. आता एकच, मागचा एक्झॉस्ट फॅन वर्षभर बंद आहे, वायर जळलीय बहुतेक. द्वारका किंवा नाशिकरोडला कोणी अ‍ॅम्ब्युलन्सचं वायरिंग करणारा माहीत आहे का, रविवारी गाडी मोकळी आहे.