वृद्धाश्रमात लघवीचं इन्फेक्शन वारंवार: दही देऊन थांबेल का?

सुखलियाकर:
इंदूरचा वृद्धाश्रम, 22 जण, दोघांना कायमचा कॅथेटर (लघवीची नळी). दर महिन्याला सगळ्यांची लघवी तपासतात. बऱ्याच जणांच्या कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) ई. कोलाय हा आतड्यातला जंतू येतो, गोळ्या सुरू होतात, महिन्याभरात पुन्हा तेच. जंतू पोटातूनच येतात म्हणे. मग दही किंवा प्रोबायोटिक (चांगल्या जंतूंच्या गोळ्या) चालू करावं का?

लॅबवाली:
आधी ती मासिक तपासणी बंद करा. अशा ठिकाणी राहणाऱ्या 25 ते 50 टक्के बायकांच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू सापडतात. जुना कॅथेटर असेल तर जवळपास सगळ्यांच्याच. जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं, नव्याने सारखी लघवीला लागणं, यातलं काही नसेल तर नुसत्या रिपोर्टवर औषध नको. वास येतो, गढूळ दिसते, हेही कारण नव्हे.

नमुना कॅथेटरच्या पिशवीतून कधीच घेऊ नका. कॅथेटर दोन आठवड्यांहून जुना असेल तर बदलून नव्यातून घ्या. मे महिन्याच्या उन्हात डबी रिक्षातून फिरली की जंतू वाटेतच वाढतात. दोन तासांत पोचत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. जंतू वाढवायच्या प्लेटवर 0.001 मिली लघवी पसरतात, एका जंतूपासून एक ठिपका वाढतो, म्हणजे 100 ठिपके दिसले की मिलीमागे 1 लाख जंतू. तीन-चार जातींचे ठिपके एकत्र आले तर नमुनाच बिघडलाय समजा.

रात्रपाळी:
पोटातून, हे खरंच. शौचातला ई. कोलाय कातडीवरून मूत्रमार्गात शिरतो. पाळी गेल्यावर योनीतले लॅक्टोबॅसिलस हे राखण करणारे जंतू कमी होतात, म्हणून आज्यांना जास्त. विनाकारण दिलेला सिप्रोचा (सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकचा) कोर्स आतड्यातले निरुपद्रवी जंतू मारतो, औषधाला न जुमानणारे उरतात आणि पुढचं इन्फेक्शन त्यांचंच होतं.

दही जेवण म्हणून खुशाल द्या, इन्फेक्शन थांबेल ही आशा नको. सिप्रोची गोळी मात्र दही-दुधाबरोबर नको, कॅल्शियममुळे ती अंगी लागत नाही.

खरं काम डायपरचं. शौच झाली की लगेच बदला, पुढून मागे पुसा, साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, डेटॉल नको. बद्धकोष्ठ असेल तर भरलेलं मलाशय मूत्राशयाचं तोंड दाबतं, लघवी तुंबते. इसबगोल पेलाभर पाण्यातच द्या, कमी पाण्यात ते उलट अडकतं. गिळायला त्रास असेल तर देऊच नका. कॅथेटरची पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता.

सुखलियाकर:
आणि आजी अचानक बरळायला लागल्या तर?

लॅबवाली:
ताप किंवा लघवीचा त्रास नसेल तर आधी पाणी, साखर, शौच आणि नवीन औषधं बघा. थंडी वाजून ताप आला किंवा बीपी उतरलं तर त्याच दिवशी डॉक्टर. वारंवार होणाऱ्यांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल विचारा.