नारळीकरांच्या विज्ञानकथा कोठून वाचायला घ्याव्यात?

कृष्णाकाठ (सांगली): गावभागातील आमच्या वाचनालयात जयंत नारळीकरांची चार-पाच पुस्तके आहेत. नववीतल्या मुलीसाठी त्यांपैकी कोणते आधी न्यावे आणि लेखक म्हणून त्यांची सुरुवात कशी झाली, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अजिंक्यतारा (सातारा): सुरुवातच मोठी गमतीची आहे. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, परंतु नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे टोपणनाव घेतले आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये यासाठी ती पत्नीकडून लिहवून घेतली; पहिले बक्षीस अर्थातच जगतापांना मिळाले! मुलीला आधी ‘यक्षांची देणगी’ द्यावे.

जुना वाचक (मिरज): मी मात्र ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेपासून सुरुवात करीन. विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निसटून गेली असती तर काय झाले असते, एवढ्या एका प्रश्नावर तिचा सारा डोलारा उभा आहे, आणि गंगाधरपंतांच्या खिशात उरलेले बखरीचे फाटके पान हा त्यातील पुरावा मला आजही अस्वस्थ करतो. कादंबऱ्यांत ‘वामन परत न आला’ सरस; काही ठिकाणी पात्रे व्याख्यान देऊ लागतात, हा दोष मान्य.

कृष्णाकाठ (सांगली): आभारी आहे. ‘यक्षांची देणगी’ आजच आणले; आधी मीच वाचत बसलो आहे.