प्रतिसाद: इंग्रजी व्याकरण सोपं म्हणून पसरली?

वर कुणीतरी लिहिलंय की व्याकरण सोपं म्हणून इंग्रजी जगभर पसरली. पटत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेत क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतच नाही, ती कुठे पसरली? आधी ब्रिटिश सत्ता, मग अमेरिकेचा पैसा. बाकी कारणं नंतरची.

इंग्रजीचा खरा गुण बघायचा तर न्हावा-शेव्याला येणारी जहाजं बघा. खलाशी फिलिपिनो, कॅप्टन युक्रेनियन, जहाज बंदरात आणणारा पायलट आपल्याकडचा. तिथे 'चांगलं' इंग्रजी नडतं, म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये ठरीव वाक्प्रयोग मंजूर केले. नेरुळ-बेलापूरला डेक ऑफिसर व्हायला शिकणाऱ्या मुलांना तेच घोटावे लागतात.

व्हीएचएफवर, म्हणजे जहाजाच्या रेडिओवर, खरखरीत 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' सारखंच ऐकू येतं, म्हणून आकडे सुटे बोलायचे: 150 म्हणजे 'वन-फाइव्ह-झिरो'. अपवाद सुकाणूचा, तिथे 15 अंशाला 'फिफ्टीन'च म्हणतात. (हा अपवाद तोंडी परीक्षेत हमखास चकवणारा.) प्रश्नाला नुसतं 'येस' चालत नाही, पुढे पूर्ण वाक्य म्हणायचं. सुकाणूवरच्या माणसाने हुकूम जसाच्या तसा परत म्हणायचा, म्हणजे चुकीचं ऐकलं असेल तर जहाज वळायच्या आत कळतं. वाक्याआधी 'वॉर्निंग', 'क्वेश्चन', 'रिक्वेस्ट' असं लावता येतं, कारण आवाजाच्या चढउतारावरून प्रश्न ओळखणं परक्या कानाला नेहमी जमत नाही.

गोची होते ती फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांचीच. ते सवयीने वाक्य फुलवतात.